कुत्रं-मांजर पाळताय? खर्चाच्या या चुका टाळा

घरात कुत्रं किंवा मांजर असलेल्यांच्या तोंडी ‘अचानक खर्च आला’ हे वाक्य हमखास असतं. पण यातले बरेचसे खर्च वेळ ठरवून येतात. पावसाळ्यात गोचीड, दिवाळीत बोर्डिंग (आपण गावाला गेल्यावर जनावराला ठेवायची सोय), माजानंतर गर्भाशयाचं दुखणं. आपण ते महिन्याच्या हिशोबात धरलेले नसतात, एवढंच.

फुकटचं पिल्लू स्वस्त पडेल असं समजणं

दत्तक घेतलेल्या देशी पिल्लालाही लसी त्याच लागतात. साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात, मग दर तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, निदान सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. शिवाय रेबीजची वेगळी. पैसे वाचवायला एखादा बूस्टर टाळला आणि पार्व्हो हा विषाणूचा आजार झाला, तर उलट्या, रक्ताचे जुलाब आणि कित्येक दिवस सलाईन. त्या बिलात लसींचा सगळा कोर्स अनेकदा बसतो.

वजन विसरणं

बहुतेक औषधं वजनावर ठरतात. जंतांची गोळी, गोचिडांची गोळी, भूल, अँटिबायोटिक, सगळंच. त्यामुळे पाच किलोच्या पॉमेरेनियनचा खर्च शेजाऱ्यांनी सांगितला म्हणून तीस किलोच्या लॅब्राडोरचं बजेट त्यावर बेतू नका. आणि पैसे वाचवायला कुत्र्याचं गोचिडांचं औषध मांजराला लावणं तर नकोच. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

टिक फीव्हरचं (गोचिडांमुळे येणाऱ्या तापाचं) बिल एकदाच येतं असं धरणं

इथेच सगळ्यांचा हिशोब चुकतो. कुत्रं जेवत नाही, अंगात ताप, म्हणून दवाखान्यात नेलं. तपासणी फी, सीबीसी म्हणजे रक्तपेशींची तपासणी, त्यात प्लेटलेट कमी, मग गोचिडांतून आलेला जंतू नेमका एर्लिकिया की बाबेसिया हे बघायला आणखी एक टेस्ट. एर्लिकिया निघाला तर सहसा चार आठवडे डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक. मध्ये पुन्हा सीबीसी, शेवटी पुन्हा सीबीसी, दर खेपेला रिक्षा वेगळी. म्हणजे पहिल्या दिवशीचं बिल हा फक्त पहिला हप्ता. आठवड्याभरात कुत्रं शेपूट हलवत जेवायला लागतं आणि लोक गोळ्या बंद करतात. दुखणं उलटलं की सगळा खर्च पहिल्यापासून. गोचिडांचं औषध मात्र बाराही महिने चालू ठेवा, आपल्याकडच्या हवेत गोचीड थंडीतही पूर्ण जात नाहीत.

घरातलंच औषध देऊन बघणं

पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याला आयबुप्रोफेन दिलं तर पोटात अल्सर आणि किडनीला इजा होऊ शकते. वाचवलेल्या तपासणी फीच्या बदल्यात आयसीयूचं बिल, हा कुठला व्यवहार?

नसबंदी ‘पुढच्या वर्षी’ ढकलणं

माजानंतर काही आठवड्यांनी मादीला पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू होणं, संभवतं. ऑपरेशन तेव्हाही करावंच लागतं, पण आजारी जनावरावर, घाईत, कधी मध्यरात्री. निरोगी असताना ठरवून केलेली नसबंदी त्यापेक्षा खूपच स्वस्त पडते.

विमा काढला म्हणजे झालं असं मानणं

विमा चांगला, पण आधीपासूनचा आजार सहसा वगळलेला असतो, वयाची अट असते, सुरुवातीला वेटिंग पिरियड असतो. अनेकदा बिल आधी आपण भरायचं आणि मग क्लेम करायचा. रोख रक्कम हाताशी लागतेच.

ती किती? आपल्या डॉक्टरांकडे आजच चार दर विचारा: रात्रीची तपासणी, सीबीसी, सलाईनसह एका दिवसाचं ॲडमिशन, आणि आपल्या जनावराच्या वजनाला नसबंदी. तीन दिवसांचं ॲडमिशन अधिक दोन सीबीसी अधिक रात्रीची फी, एवढी रक्कम वेगळ्या खात्यात हवी. एकदम जमत नसेल तर बँकेत आरडी लावा. लसी आणि गोचिडांच्या औषधाचा वर्षाचा खर्च बाराने भागून तो खाद्याच्या खर्चातच धरा.

बिल आधीच डोक्यावर बसलं असेल तर लेखी अंदाज मागायला लाजू नका. ‘यातली कुठली टेस्ट आजच हवी आणि कुठली दोन दिवसांनी चालेल?’ हे सरळ विचारा. चांगले डॉक्टर नीट सांगतात. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांतही चौकशी करा, तिथे खर्च सहसा कमी येतो. त्यांच्या वेळा मात्र आधीच माहीत करून ठेवा.

काटकसर कुठे करायची नाही, तेही सांगतो. बोका पुन्हा पुन्हा लिटर बॉक्समध्ये जाऊन कुंथतोय आणि लघवी होत नाहीये, तर सकाळची वाट बघू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्रीची जादा फी भरा आणि निघा.