पेलेट स्टोव्हसाठी स्वस्त बॅग की प्रीमियम? पैसे मोजण्याआधी या चुका टाळा

गणपती गेले की न्यू हॅम्पशायर, मेन, पश्चिम मॅसॅच्युसेट्स अशा ठिकाणी घर घेतलेल्या मराठी मंडळींच्या गप्पांमध्ये एक विषय हमखास निघतो, घर गरम ठेवणाऱ्या पेलेट स्टोव्हसाठी यंदा पेलेट कुठले भरायचे. कुणी म्हणतं सगळ्यात स्वस्त असेल ते उचल, जळतंच की सगळं, आणि कुणी म्हणतं छे, प्रीमियमच घे नाहीतर स्टोव्हची वाट लागेल. माझं मत विचाराल तर दोघंही अर्धेच बरोबर आहेत. बॅगेवर ‘प्रीमियम’ छापलंय म्हणून माल चांगला असं नाही, आणि स्टोव्ह नीट पेटत नाही म्हणून पेलेटच वाईट असंही नाही. आपण जास्तीचा डॉलर नेमका कशासाठी देतोय हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या चुका तिथेच टळतात.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी पटकन सांगते. पेलेट म्हणजे सॉ मिलमधला लाकडाचा भुसा वाळवून, प्रचंड दाबाखाली बारीक भोकांतून काढलेल्या छोट्या कांड्या. डिंक वगैरे काही घालायची तशी गरज नसते, लाकडातलं लिग्निन गरम झालं की तेच चिकटवायचं काम करतं. अमेरिकेत ४० पौंडांची बॅग मिळते आणि ५० बॅगा म्हणजे एक टन. एका टनात साधारण १ कोटी ६० लाख बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) उष्णता असते, म्हणजे हीटिंग ऑइलच्या हिशेबात अंदाजे ११५ गॅलन. म्हणून तर इकडे ऑइलचा भाव चढला की सगळ्यांना पेलेट आठवतात.

चूक पहिली, आणि सगळ्यात कॉमन: ‘प्रीमियम’ शब्द वाचून बॅग उचलणे

हा शब्द बॅगेवर मोठ्या अक्षरात कुणीही छापू शकतं. बघायचं असतं ते पीएफआयचं, म्हणजे पेलेट फ्युएल्स इन्स्टिट्यूटचं क्वालिटी मार्क. ते असेल तर त्या मालाची बाहेरच्या संस्थेकडून तपासणी होते आणि शब्दाला काहीतरी अर्थ उरतो. पीएफआय प्रीमियम म्हणजे राख जास्तीत जास्त १%, ओलावा ८% पर्यंत, आणि बॅगेतला चुरा ०.५% च्या आत. त्याच्या खालचा स्टँडर्ड ग्रेड म्हणजे राख २% पर्यंत, ओलावा १०% पर्यंत आणि चुरा १% पर्यंत. सगळ्यात खाली युटिलिटी, तिथं राख ६% पर्यंत चालते आणि तो माल घरातल्या स्टोव्हच्या वाटेला न गेलेलाच बरा.

जर्मनी, ऑस्ट्रिया, इटलीकडे जी मंडळी आहेत त्यांच्याकडे १५ किलोच्या बॅगा मिळतात आणि मार्क असतं ईएनप्लस. त्यात ए-१ ला राख ०.७% च्या आत, ए-२ ला १.२% पर्यंत. घरच्या स्टोव्हला ए-१ च घ्या. मार्कशेजारी कंपनीचा नंबर छापलेला असतो, नंबर नसेल तर नुसत्या चित्रावर विश्वास ठेवू नका.

आणि हो, स्टोव्हचं मॅन्युअल एकदा उघडून बघा, ग्रेड केलेलेच पेलेट वापरा असं बऱ्याच मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. उद्या वॉरंटीचा प्रश्न आला की तेच पान पुढे केलं जातं.

चूक दुसरी: प्रीमियम म्हणजे खूप जास्त धग असं समजणे

इथं थोडा हिशेब करूया कारण बहुतेक लोक इथंच गंडतात. समजा स्वस्त पेलेट पौंडाला ८,००० बीटीयू देतात आणि चांगले ८,४००. फरक झाला ५%. बॅग ७ डॉलरची धरली तर त्या ५% ची किंमत ३५ सेंट होते. मग वरचा एक-दीड डॉलर कशाचा? तो राखेचा, चुऱ्याचा आणि तुमच्या रविवारच्या सकाळीचा.

राखेचं बघा. ०.५% राखेचा माल असेल तर एका टनामागे १० पौंड राख, १.५% चा असेल तर ३० पौंड. हिवाळ्यात तीन टन जाळणाऱ्या घरात हा फरक ३० पौंड विरुद्ध ९० पौंड होतो, आणि ही राख तुम्हालाच बर्न पॉटमधून (पेलेट जळतात ते भांडं), हीट एक्स्चेंजरच्या (धग खोलीत सोडणाऱ्या) नळ्यांमधून, मागच्या कप्प्यातून आणि व्हेंटमधून (धूर बाहेर नेणारा पाइप) काढायची असते, शिवाय नळ्यांवर राखेचा थर बसला की धग खोलीत यायच्या ऐवजी धुराड्यातून बाहेर जाते म्हणजे स्वस्तातल्या मालाची आधीच कमी असलेली धग अजून कमी मिळते. बॅगेला १ डॉलर वाचला तर तीन टनांमागे १५० डॉलर वाचतात, ते काही थोडे नाहीत. पण रोज भांडं खरवडायची तयारी आहे का हे आधी स्वतःला विचारा. ज्यांना वेळ आहे, हाताला सवय आहे, त्यांनी खुशाल स्वस्त घ्यावे. दोघं नोकरी करणारे, घरात लहान मूल, त्यांनी नकोच.

मधला मार्ग पण आहे आणि मला तोच आवडतो. ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये थंडी बेताची असते तेव्हा स्वस्त माल जाळायचा, आणि जानेवारी-फेब्रुवारीत जेव्हा बाहेर उणे पंधरा असतं आणि स्टोव्ह रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो तेव्हा चांगला. एक मात्र आहे, बेताच्या थंडीत स्टोव्ह अगदी मंद ठेवला तर काच लवकर काळी होते. त्यापेक्षा तास-दोन तास मध्यम आचेवर चालवून बंद करणं चांगलं.

चूक तिसरी: हार्डवुडच भारी असा हट्ट

ओक, मेपल जड असतात, त्यामुळे सरपण म्हणून ते जास्त वेळ जळतात हे खरंय. पण पेलेटमध्ये सगळंच लाकूड दळून दाबलेलं असतं, त्यामुळे घनतेचा तो फायदा जवळपास संपतो. उलट सॉफ्टवुडमध्ये राळ आणि लिग्निन जास्त असल्यामुळे पौंडामागे उष्णता बरेचदा थोडी जास्तच मिळते. डग्लस फरचे पेलेट लोक शोधून शोधून घेतात ते उगीच नाही. सॉफ्टवुडने धुराड्यात क्रिओसोट (धुराचा काळा चिकट थर) साचतं ही भीती ओल्या ओंडक्यांच्या चुलीची आहे, पंख्याने हवा मिळणाऱ्या पेलेट स्टोव्हला ती लावू नका. रंगावरूनही काही ठरवू नका, गडद पेलेटमध्ये साल जास्त असू शकते किंवा लाकडाची जातच गडद असू शकते.

चूक चौथी: एकदम तीन टन मागवणे

नवीन ब्रँडच्या आधी चार-पाच बॅगा आणा. सेल संपेल वगैरे घाई बाजूला ठेवा. बॅग उलटी करून तळाला किती भुसा बसलाय ते पाहा. मूठभर पेलेट हातात घेऊन एक मोडून बघा, चांगला पेलेट कट्कन मोडतो, वाईट बोटात चुरतो. वाटीभर पाण्यात टाकले की दोन्ही फुगतात, त्या टेस्टवर ब्रँड ठरवणाऱ्यांचं मला कौतुकच वाटतं. मग स्टोव्ह पूर्ण साफ करून एक ब्रँड जाळा, राख बघा, काच बघा, पुन्हा साफ करून दुसरा जाळा. साफ न करता केलेली तुलना काही कामाची नाही, कारण दुसऱ्या ब्रँडला पहिल्याची राख भोवते. आणि त्याच कंपनीचा माल दरवर्षी तसाच निघेल असंही नाही, कुठल्या मिलचा भुसा आला यावर बरंच अवलंबून असतं.

आता बिघाडाकडे येऊ, कारण खरी डोकेदुखी तिथं आहे.

बर्न पॉटमध्ये दगडासारखा खडा तयार होतोय? त्याला क्लिंकर म्हणतात. तव्यावर गूळ सांडून करपला की जसा चिकटून बसतो तसा हा तळाला बसतो आणि हवेची भोकं बुजवतो. कारण बहुतेक वेळा मालात आलेली माती, वाळू, साल. त्यातला सिलिका आणि पोटॅशियम गरम होऊन वितळतो आणि थंड झाला की खडा. रोज क्लिंकर येत असेल तर आधी पॉटची भोकं तारेने मोकळी करा, दोन दिवस बघा, तरी येत असेल तर मग माल बदला. एवढ्या एका बाबतीत दोष बहुतेक वेळा पेलेटचाच असतो.

ज्योत उंच, नारिंगी, सुस्त आणि शेंड्याला काळा धूर? हवा कमी पडतेय. चांगली ज्योत आखूड, पिवळी-पांढरी आणि चपळ असते. अशा वेळी लोक लगेच बॅग बदलतात आणि तीच चूक. आधी पॉट, मग मागचा राखेचा कप्पा, मग व्हेंट, शेवटी दाराचं गॅस्केट (कडेची सीलची पट्टी). गॅस्केट तपासायला दारात एक डॉलरची नोट धरून दार बंद करा आणि ओढा, सहज निसटली तर तिथून हवा आत शिरतेय. हे सगळं ठीक असूनही ज्योत सुस्तच असेल तेव्हा ओल्या पेलेटचा संशय घ्या. काचेवर करडी भुकटी बसणं नॉर्मल आहे, काळीकुट्ट चिकट काजळी नाही.

ब्रँड बदलल्यावर लगेच ज्योत मोठी किंवा छोटी झाली तर घाबरू नका. आखूड पेलेट ऑगरच्या (पेलेट पुढे ढकलणाऱ्या स्क्रूच्या) पात्यांमध्ये जास्त मावतात म्हणून जास्त पडतात, लांब असले की कमी. फीड ट्रिम (पेलेट किती पडायचे) किंवा डॅम्परची (हवा किती यायची) सेटिंग थोडी हलवा. एकाच सेटिंगवर अख्खा सीझन काढायचा आणि ब्रँड मात्र तीन वापरायचे, असं होत नाही.

ऑगर अडकला, पेलेट पडतच नाहीत? हॉपरच्या (पेलेट ओततो त्या टाकीच्या) कोपऱ्यात चुरा साचून घट्ट बसतो, किंवा दोन-तीन लांब कांड्या आडव्या येऊन कमान करतात आणि वरचा सगळा माल तसाच अडून राहतो. स्वस्त मालात हे जास्त होतं. उपाय अगदी देशी आहे, बॅग ओतताना मोठ्या जाळीच्या चाळणीतून ओता, चुरा खाली पडू द्या. काही बॅगांनंतर हॉपर रिकामा होऊ द्या आणि तळ साफ करा. हात घालण्याआधी प्लग काढा, ऑगर बोटं ओळखत नाही.

मध्येच बंद पडून एरर दाखवतोय? बऱ्याच वेळा व्हॅक्यूम स्विच असतो, म्हणजे धूर बाहेर ओढला जात नाहीये. राखेने व्हेंट किंवा स्विचची बारीक नळी बुजलेली असते. स्विच बायपास करायचे व्हिडिओ फिरत असतात, ते कृपा करून करू नका. तो स्विच कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ नये म्हणूनच आहे. स्टोव्ह असलेल्या मजल्यावर आणि बेडरूमच्या बाहेर सीओ अलार्म हवाच, आणि हिवाळ्यात आई-बाबा भारतातून आलेले असतील तर अलार्म वाजला की आधी बाहेर पडायचं हे त्यांना समजावून ठेवा.

चांगला माल आणून वाया घालवायचे प्रकार

गॅरेजच्या काँक्रीटवर थेट बॅगा ठेवल्या की जमिनीची ओल वर चढते. खाली लाकडी फळ्या पाहिजेत. बाहेर ठेवायच्याच असतील तर चांगली ताडपत्री घाला, बऱ्याच बॅगांना बारीक भोकं असतात, त्यातून पाणी जातं. आणि एकदा भिजून फुगलेला पेलेट म्हणजे परत भुसाच, तो वाळवून काही होत नाही. सर्वोत्तम ए-१ सुद्धा ओला झाला की गेला.

घोड्याच्या तबेल्यासाठी किंवा मांजरीच्या लिटरसाठी मिळणारे पेलेट स्वस्त दिसतात, पण ते ओल शोषायला बनवलेले असतात आणि जळण्याच्या कुठल्याही ग्रेडमध्ये तपासलेले नसतात, त्यात वासाचं काही घातलंय का तेही आधी बघावं लागेल. उलट बाजूने, पेलेट ग्रिलमध्ये तंदुरी करताना हीटिंगचे पेलेट चुकूनही घालू नका, ते खाण्याच्या कामासाठी बनवलेले नसतात. आपल्याकडे महाराष्ट्रात बॉयलरसाठी बगॅस आणि शेतातल्या काडीकचऱ्याचे ब्रिकेट, पेलेट मिळतात. ते कारखान्याच्या भट्टीला ठीक, पण त्यात राख भरपूर, घरच्या छोट्या स्टोव्हचं भांडं त्याने काही तासांत भरेल.

राख काढताना घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. राखेखाली निखारा बरेच तास, कधी दिवसभरही जिवंत राहतो, आणि कागदाची पिशवी पेटायला एक ठिणगी पुरते. राखेसाठीचा वेगळा व्हॅक्यूम मिळतो, तोही स्टोव्ह गार झाल्यावरच वापरायचा. राख झाकणाच्या धातूच्या डब्यात, घराबाहेर, लाकडी डेकवर नाही. पूर्ण विझल्यावर थोडी बागेत टाकलीत तर चालेल, फक्त ब्लूबेरीच्या झाडांना नको, त्यांना आम्ल माती लागते.

सीझन संपताना हॉपरमध्ये उरलेला माल तसाच ठेवून उन्हाळा काढू नका. जुलैची दमट हवा तो माल शोषतो, फुगतो, आणि ऑक्टोबरमध्ये ऑगर हलत नाही म्हणून टेक्निशियनला फोन करावा लागतो, तोही नेमका त्यांच्या सगळ्यात बिझी महिन्यात. हॉपर रिकामा करा, चुरा काढा, व्हेंट झाडून घ्या, आणि उघड्या राहिलेल्या बॅगा घट्ट झाकणाच्या डब्यात ओतून ठेवा.