लेकरू बोबडं बोलतंय? आधी वही घ्या

मागच्या उन्हाळ्याआधीची गोष्ट, सांगलीत विश्रामबागला एका रसवंतीवर थांबलो होतो आणि आमचं साडेचार वर्षांचं पोरगं जोरात ओरडलं, "मला लस पाहिजे, बल्फ नको!" रसवाला हसला, बाकावरचे सगळे हसले, मीपण हसले, पण घरी येईपर्यंत पोटात गोळा आला होता. मग काय, दोन आठवडे मी त्याच्या 'र'च्या मागं लागले, राजा म्हण, लाजा, अरे रा रा राजा, लाजा. तिसऱ्या आठवड्यात पाहुणे आले की ते बोलायचंच बंद झालं, नुसतं मान हलवायचं.

शेवटी एका स्पीच थेरपिस्ट मॅडमकडं गेलो, त्यांनी अर्धा तास त्याच्याशी खेळत कागदावर खुणा केल्या आणि म्हणाल्या, 'र'ला आत्ता हात लावू नका, त्याला वेळ आहे. याचा 'क' आणि 'ग' कुठं गेलाय ते बघितलंय का? आम्ही बघितलंच नव्हतं हो. काकाला ताता म्हणतो ते घरात सगळ्यांना गोड वाटायचं, आणि जे गोड वाटतं ते कानाला चुकीचं ऐकूच येत नाही.

म्हणून सांगते, आधी वही. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला पोरगं काय म्हणालं ते जसंच्या तसं. घरातल्या ४०-५० वस्तूंचे नाहीतर चित्रांचे शब्द घ्या, "हे काय आहे?" एवढंच विचारायचं, आपण आधी शब्द उच्चारायचा नाही, नाहीतर ते आपली नक्कल करतं. प्रत्येक अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी आलं पाहिजे, ण आणि ळ तेवढे सुरुवातीला येत नाहीत. फोनवर रेकॉर्डिंग करा, कारण त्या क्षणी आपला कान आपल्याला फसवतो. आमच्या वहीचं पहिलं पान असं होतं: काका – ताता, नाक – नात, गाडी – दाडी, आगगाडी – आददाडी, बकरी – बतली. त्यात बकरी नीट बघा, 'क'चा त झालाय आणि 'र'चा ल झालाय. म्हणजे पोरगं वाट्टेल तसं बोलत नाहीये, नियमानं बोलतंय! घशाजवळ जिभेचा मागचा भाग उचलून जे आवाज काढायचे ते सगळे ते दाताजवळ आणतंय. हा नियम सापडला की एकेक शब्द घोकायची गरज उरत नाही, नियम मोडला की एकदम पन्नास शब्द सुधारतात.

आता वयाचं. अंदाजे सांगते, प्रत्येक पोराचं थोडं मागंपुढं होतंच. प ब म त द न लवकर येतात, क ग साधारण साडेतीन-चारपर्यंत यायला पाहिजेत, स श, र, ळ आणि जोडाक्षरं पाच-सहा-सात वर्षांपर्यंत रेंगाळली तरी चालतं. दुसरा एक अंदाज म्हणजे अनोळखी माणसाला किती कळतं, दोन वर्षाला साधारण निम्मं, तीनला पाऊण आणि चारला जवळजवळ सगळं. आईला कळतं हे मोजायचं नाही, आईला सगळंच कळतं. पुढचे दात पडलेत म्हणून 'स' फुसफुसतोय तर दात येईपर्यंत गप्प बसा.

आणि हो, आपल्याकडची एक गोष्ट. गावाकडं पाण्याला पानी म्हणतात, कोणला कोन म्हणतात, लोण्याला लोनी. पोराची आज्जी तसं बोलत असेल आणि पोरगंही तसं बोलत असेल तर तो आजार नाही, ती आपली बोली आहे, थेरपीला न्यायची गरज नाही. तसंच मिरजेकडं, जतकडं घरात कन्नड आणि बाहेर मराठी असतं, दोन भाषांनी उच्चार बिघडत नाहीत. कुणी "घरात फक्त इंग्लिश बोला" म्हणालं तर ऐकू नका, खरा दोष असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो.

बोबडं आणि तोतरं यात पण घोळ करू नका. शब्दात अडकणं, म म म मला असं होणं म्हणजे तोतरेपणा, त्याचे उपाय वेगळे. आणि एकच शब्द दर वेळी वेगळा येत असेल, बटाटा कधी टबाटा, कधी पताता, कधी बाटा, लांब शब्द आला की तोंड चाचपडतंय असं वाटत असेल, तर मेंदूकडून जिभेला हालचालीचा क्रम नीट जात नाही असा एक प्रकार असतो, अप्राक्सिया म्हणतात, त्याला घरचे खेळ पुरत नाहीत, आठवड्यातून जास्त वेळा थेरपिस्टकडंच जावं लागतं. सगळं नाकातून येतंय, टाळूला फट आहे, आधी येणारे शब्द गेलेत, कान वाहतोय, असं काही असेल तर वही राहू दे, सरळ डॉक्टर गाठा.

वही झाली की पहिलं काम कानाचं. सर्दीनं कानाच्या पडद्यामागं पाणी साठून राहिलं तरी पोराला आवाज दबून ऐकू येतो, आणि जे नीट ऐकू येत नाही ते नीट बोलणार कसं. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, दुखत नाही, पोरगं हेडफोन लावून खेळतं. आम्हाला एका ठिकाणी "पोरगा आहे, उशिराच बोलणार" म्हणून कान न तपासता परत पाठवलेलं, तिथं सहा महिने वाया गेले.

आता घरचा खेळ. आधी पोराने नुसतं ऐकायचं. दोन चित्रं ठेवा, कार आणि तार, गार आणि दार, काप आणि ताप. तुम्ही म्हणायचं, पोराने बोट ठेवायचं. हा फरक कानाला कळेपर्यंत जिभेकडं जाऊच नका. मग 'क' काढायचा. आमचं असं झालं की पलंगावर उताणं झोपवून डोकं कडेवरून थोडं मागं सोडायचो, जीभ आपोआप मागं पडते, आणि गुळण्या करायचा आवाज काढायला लावायचो. नाही जमलं तेव्हा मॅडमनी चमच्याच्या दांड्यानं जिभेचं टोक हलकेच खाली धरलं आणि "ता म्हण" म्हणाल्या, आणि तोंडातून आपोआप 'का' आलं! पोरगं स्वतःच दचकलं. आरशात बघून पुन्हा पुन्हा केलं त्याने. मग का की कू, मग काका, मग "काका आला", मग गोष्ट, हाच क्रम, मधली पायरी गाळायची नाही. रोज दहा मिनिटं बास, रविवारी तासभर बसवून उपयोग नाही.

शब्दावर आलात की चित्रांचा खेळ उलटा करा. आता पोराने मागायचं आणि ते जे बोललं तेच द्यायचं. तो म्हणायचा "मला ताप दे", त्याला सफरचंदाची काप पाहिजे असायची, मी कपाळाला हात लावून थर्मामीटरच आणायचे. चिडायचा, मग स्वतःहून घसा ताणून "क्काप!" तेव्हा लगेच काप द्यायची, भाषण द्यायचं नाही.

बाकी दिवसभर दुरुस्त करत बसू नका. तो "ताता आले" म्हणाला की आपण "हो, काका आले, काका काय घेऊन आले?" एवढंच, नीट शब्द त्याच्या कानावर पडला पाहिजे, परत म्हणायला लावायचं नाही. आणि आज्जीला प्रेमाने सांगा की त्याच्याशी बोबडं बोलू नका, हे सगळ्यात अवघड काम आहे.

उपायांचा पण पूर येतो बघा. पोपटाचा उष्टा पेरू, शंखातलं पाणी, वेखंड उगाळून जिभेला. पेरू खाऊ दे, काय बिघडत नाही, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला वेखंड-मधाचं चाटण अजिबात नको, मध त्या वयात धोक्याचा असतो. फुगे फुगवणं, मेणबत्ती फुंकणं यानं फुंकर सुधारते, उच्चार नाही. जिभेखालची दोरी कापायची घाईपण नको, बहुतेक वेळा उच्चाराचं कारण ती नसतेच, जीभ वर टाळूला लागते का ते थेरपिस्टला बघू दे.

थेरपिस्ट निवडताना बीएएसएलपी (बोलण्या-ऐकण्याच्या उपचारांची पदवी) किंवा त्यापुढचं शिक्षण आणि आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे का ते विचारा, लाजू नका. खर्च परवडत नसेल तर अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला जी गाडी येते ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची असते, २०१३ पासून चालू आहे, १८ वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी. त्या पथकाला बोलण्याचं आणि ऐकण्याचं आवर्जून सांगा, नाहीतर वजन-उंची बघून पुढं जातील. तिथून जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं, म्हणजे डीईआयसीकडं चिठ्ठी मिळते. जाताना वही आणि रेकॉर्डिंग न्या, नव्या जागी पोरं तोंड उघडत नाहीत.

आमचा 'क' बोलण्यात नीट बसायला पाच महिने लागले, 'ग' त्याच्या मागोमाग फुकटात आला. आता सहा पूर्ण झालीत, मग रस-लसची चित्रं काढली, लसच्या चित्रात सुई बघून 'र' जरा लवकरच आला. पण आजोळ तासगावचं, मामाची बाग, आणि द्राक्षं अजून 'दाक्षं'च आहेत. जोडाक्षरांचं पान या सोमवारी उघडायचंय.