गाडी लॉक झाली का? हॉर्नचा तो छोटा 'पीं' कसा ऐकायचा

गाडी लावून चार पावलं गेलं की डोक्यात किडा वळवळायला लागतो, अरे लॉक केली का आपण? मी तर कितीदा जिना उतरून परत गेलोय. बटण दाबल्याचं आठवत असतं, पण बटण दाबलं म्हणजे गाडी लॉक झाली असं नसतं ना, रिमोट फक्त रेडिओ सिग्नल सोडतो, तो पोचला का आणि दारं नीट लागली होती का हे गाडीनेच सांगायचं असतं, त्यासाठीच ते लाइट आणि हॉर्न.

तर आधी सगळी दारं, डिकी, बॉनेट नीट लावून घ्या आणि लॉकचं बटण एकदा दाबा. बऱ्याच गाड्यांमध्ये एवढ्यावर नुसते इंडिकेटर लुकलुकतात, हॉर्न वाजतच नाही, मग लोकांना वाटतं आपल्या गाडीत ही सोयच नाही. थांबा, दोन-तीन सेकंदांच्या आत तेच बटण परत दाबून बघा, पुष्कळ गाड्यांत एक बारीक 'पीं' येतो. आला की निघा बिनधास्त.

आवाज आलाच नाही किंवा वेगळा आला तर? काही गाड्या एखादं दार अर्धवट असलं की दोनदा हॉर्न मारतात आणि लाइट लावत नाहीत, काही सरळ गप्प बसतात. प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी, म्हणून मी म्हणतो एकदा निवांत असताना मुद्दाम मागचं दार अर्धवट ठेवून लॉक दाबा आणि आपली गाडी काय करते ते ऐकून ठेवा, मग डिकी उघडी ठेवून तेच करा. मॅन्युअल वाचून हे लक्षात राहत नाही, कानाने ऐकलेलं राहतं.

सगळी दारं लागलेली असूनही गाडी तक्रार करत असेल तर दाराचा स्विच बघा. दार उघडलं की आतला दिवा लागतो ना, तो याच स्विचमुळे. तो खराब झाला की गाडीला दार उघडंच वाटत राहतं.

हॉर्न कधीच वाजत नसेल तर स्टिअरिंगवरचा दाबून बघा. तो वाजतोय म्हणजे हॉर्न ठीक आहे, बहुतेक सेटिंग बंद असेल, नव्या गाड्यांत स्क्रीनवर वेहिकल सेटिंगमध्ये सापडतं. अगदी जवळ गेल्यावरच रिमोट चालत असेल तर सेल संपत आलाय, पुष्कळ रिमोटमध्ये ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो, पण उघडून नंबर बघूनच घ्या.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. चोर जॅमर लावून रिमोटचा सिग्नल अडवू शकतात, तुम्ही बटण दाबता, फोनवर बोलत निघून जाता आणि गाडी उघडीच. त्यामुळे गर्दीच्या पार्किंगमध्ये 'पीं'ही नाही आणि लाइटही नाही असं झालं तर परत जा आणि हँडल ओढून बघा. फक्त कीलेस गाडी असेल तर चावी खिशात ठेवून हँडल ओढाल तर ती तुम्हाला ओळखून उघडेलच (मी यात एकदा चांगला पाच मिनिटं गंडलो होतो), चावी दुसऱ्याकडे देऊन त्याला लांब उभं करा आणि मग ओढा.

आणि काच खाली राहिली असेल तर त्याची जबाबदारी या हॉर्नवर टाकू नका, पुष्कळ गाड्या काच उघडी असली तरी खुशाल 'पीं' करतात.