ठाण्याच्या नौपाड्यातल्या छोट्या दुकानांतून साडी, मॅचिंग आणि शिलाई: खरेदी कशी करावी

घरात लग्न ठरलं की साडीचा विषय निघतोच, आणि हल्ली सगळे आधी मोबाइल उघडतात. माझं मत स्पष्ट आहे. रेशमी साडी, तिचं मॅचिंग (साडीला जुळणारं ब्लाऊजचं कापड) आणि ब्लाऊजची शिलाई, या तीन कामांसाठी ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोड आणि स्टेशनजवळच्या बाजारपेठेतली, मालक स्वतः गल्ल्यावर बसतो अशी दुकानं गाठावीत. तिथल्या माणसाच्या हाताखालून वर्षानुवर्षं तोच माल गेलेला असतो. नेमकं विचारलंत तर तो नेमकं दाखवतो.

वेळ आणि तयारी

मधल्या वारी सकाळी अकराच्या सुमारास जा. शनिवार-रविवारी संध्याकाळी दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते. काही जुनी दुकानं दुपारी बंद असतात, तेव्हा आधी फोन करा. दिवाळीच्या पहिल्या पहाटे तलावपाळी आणि राम मारुती रोडला तरुणांची इतकी गर्दी लोटते की त्या सकाळी खरेदीचा बेत नकोच. गाडी घरीच ठेवा, स्टेशनवरून चालत जाता येतं. वाशी, नेरुळहून येणाऱ्यांची लोकल ठाण्याला पूर्वेकडच्या फलाटांवर लागते, म्हणून पुलावरून पश्चिमेला उतरा.

मॅचिंगसाठी साडीचा फोटो चालत नाही, साडीच न्यायची. शिलाईसाठी अंगात नीट बसणारा जुना ब्लाऊज पिशवीत टाका. सोबत दोनच माणसं पुरेत. पाच जणी गेल्या की पाच मतं होतात आणि साडी राहते बाजूला.

पैठणी घेताना पदर उलटा करा

दुकानात शिरताच बजेट सांगून टाका, आणि हातमागावरची हवी की सेमी, म्हणजे यंत्रमागावरची, हेही. दोघींच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो. सेमी घेण्यात कमीपणा काहीच नाही, फक्त हातमागाचे पैसे मोजून सेमी घरी येऊ नये.

पारख करायला पदर उलटा करून बघा. हातमागावरच्या पैठणीत पदरावरचे मोर, मुनिया, आसावली वेल ही नक्षी बाण्याचे रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणतात. त्यामुळे उलटी बाजूही जवळजवळ सुलटीइतकीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावरच्या साडीला मागे लांब सुटे धागे किंवा कापलेल्या धाग्यांची टोकं दिसतात, आणि ती झाकायला कधी जाळी लावलेली असते. मागची जाळी दिसली की समजून घ्या.

मग लेबलं बघा. सिल्क मार्क २००४ पासून आहे, पण तो फक्त रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो. साडी हातमागावरची आहे का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी २००६ पासूनचा हँडलूम मार्क वेगळा आहे. जरीबद्दलही थेट विचारा: खरी की टेस्टेड? खऱ्या जरीत चांदीची तार असते, टेस्टेड जरीत तांब्याची. जे उत्तर मिळेल ते बिलावर लिहून मागा. खात्री असलेला दुकानदार लिहून द्यायला कचरत नाही.

साडी आवडली की ती दुकानातच पूर्ण उलगडायला सांगा. संकोच करू नका. डाग, तुटलेला धागा, काठाजवळची विरलेली घडी तिथेच सापडलेली बरी.

मॅचिंग सेंटर

इथे लोक सगळ्यात जास्त घाई करतात, आणि नेमकं इथेच फसायला होतं. दुकानदार रुबियाचे, म्हणजे ब्लाऊजच्या कापडाचे, पाच-सहा तुकडे पुढे टाकतो. ते साडीच्या अंगाला लावून बघू नका, काठाला लावून बघा. पैठणीचा ब्लाऊज बहुतेकदा काठाशी जुळवायचा असतो. तुकडा आणि साडी दोन्ही घेऊन दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात या. आतल्या दिव्याखाली राणी आणि डाळिंबी एकच वाटतात, बाहेर आल्यावर दोन वेगळे रंग दिसतात. "काका, यातलाच जरा मळकट दाखवा" असं सरळ सांगा. मागच्या रांगेतला तागा त्या एका शब्दावर बाहेर येतो.

कापड मोजायला सांगण्याआधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. मोठ्या पन्ह्याचं ८० सेंटीमीटर साधारण पुरतं, लहान पन्ह्याचं एक मीटर घ्यावं लागतं. बाही कोपरापर्यंत हवी असेल तर त्याहून थोडं जास्त. सुती अस्तर आणि फॉल घरी आणून आधी पाण्यातून काढा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच शिवायला द्या. न भिजवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात.

बुटीकमध्ये शिलाई

"मागच्यासारखाच शिवा" एवढ्यावर सोडू नका. पुढचा-मागचा गळा किती इंच, बाहीची लांबी, हुक पुढे की मागे, कटोरी की प्रिन्सेस कट, नाडी-लटकन हवं की नको, हे सगळं पावतीवर लिहून घ्या आणि पावतीचा फोटो काढा. शिवणाऱ्या ताईंना एक गोष्ट आवर्जून सांगा: दोन्ही बाजूंना एक-एक इंच माया (शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड) ठेवा. वजन कमी-जास्त झालं तरी तो ब्लाऊज पुढची पाच-सात वर्षं अंगात जातो.

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, म्हणून दिवाळीच्या आधीच कापड द्या. आरी वर्क करायचं असेल तर त्याहूनही आधी, कारण ते हातानं भरायचं काम आहे. ट्रायल समारंभाच्या किमान आठ दिवस आधीची घ्या.

भाव आणि बिल

साडीचा भाव एकदा विचारावा, जमलं तर घ्यावं, नाही तर हसून उठावं. शिलाईच्या मजुरीत मात्र मी घासाघीस करत नाही, तुम्हीही करू नका. दिवसभर मशीनवर वाकून केलेलं काम आहे ते.

बिल घ्याच. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलेलं असलं तरी सदोष मालाला ते लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. आधी दुकानदाराशी शांतपणे बोला, छोट्या दुकानात बहुतेक गोष्टी तिथेच मिटतात. नाहीच मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. फक्त फॉल-बिडिंग झालेली साडी बदलून मागणं अवघड जातं, तेव्हा फॉल लावायला टाकण्याआधी घरी एकदा खिडकीशी धरून ती पदरापासून शेवटपर्यंत तपासा.