ऋतू बदलताना वाचनालयाचं टेबल असं मांडा

वाचनालयात कार्यक्रम ठरतो तेव्हा आधी तारीख, मग पाहुणे, मग खुर्च्या आणि सगळ्यात शेवटी पुस्तकं, असा क्रम बहुतेक ठिकाणी असतो. मी देवघेवीच्या काउंटरवर काम करते आणि माझा क्रम उलटा आहे. आधी कपाट. येत्या दोन-तीन महिन्यांत लोकांना काय वाचावंसं वाटेल, त्यातलं आपल्याकडे काय आहे, हे पाहायचं आणि त्या पुस्तकांभोवती कार्यक्रम उभा करायचा. व्याख्यान संपून माणसं उठतात, बोलत रेंगाळतात, तेवढ्या वेळात पुस्तकं त्यांच्या हाताशी हवीत आणि तिथल्या तिथे नावावर नोंदवून देता यायला हवीत. "उद्या येऊन नेतो" म्हणणारे फार थोडे परत येतात.

तयारी ऋतूच्या दोन महिने आधी सुरू करा. गेल्या वर्षीच्या याच महिन्यांच्या देवघेवीच्या नोंदी काढा. संगणक नसेल तर पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या कागदावरचे तारखांचे शिक्के पाहिले तरी पुरतं. काय खूप फिरलं ते बघा. मागणीच्या वहीत काय लिहिलं गेलं आणि देता आलं नाही, तेही बघा. आणि चांगलं असूनही बरीच वर्षं जागचं हललं नाही असं पुस्तक शोधा. मला ही शेवटची शोधाशोध सगळ्यात आवडते. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. त्यातला तिसरा म्हणतो, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळायला हवा. ऋतूचं टेबल, म्हणजे त्या ऋतूला साजेशी निवडक पुस्तकं मांडलेलं टेबल, हे त्यासाठी हाताशी असलेलं सगळ्यात सोपं साधन आहे.

विषय एकाच कपाटात शोधू नका. ड्युईची दशांश पद्धत, म्हणजे विषयानुसार पुस्तकांना क्रमांक देण्याची रीत, 1876 पासून पुस्तकांना नेमकी जागा देत आली आहे, पण ऋतू त्या जागा ओलांडून जातो. पाऊस घ्या. पावसाचं विज्ञान 551.57 मध्ये, बेडूक 597.8 मध्ये, पाण्याचं नियोजन 333.91 मध्ये, बागकाम 635 मध्ये. कविता आणि कादंबऱ्या 800 च्या पुढे, चित्रांची पुस्तकं बालविभागात. ही सगळी एका टेबलावर आली की बागकामासाठी आलेली व्यक्ती कवितासंग्रह चाळताना दिसते.

टेबलावर बारा-पंधरा पुस्तकंच ठेवा. चाळीस ठेवली तर ते आणखी एक कपाट होतं. त्यात एका बैठकीत संपेल असं बारीक पुस्तक हवं, ज्येष्ठांसाठी मोठ्या अक्षरांतलं हवं, एखादं चरित्र हवं. आणि सुचवलेलं प्रत्येक पुस्तक खरोखर कपाटात असायला हवं. यादी छापायची, वाचक उत्साहानं मागायला येणार आणि आपण "बाहेर गेलंय" सांगणार, असं दोनदा झालं की तो यादी वाचणं सोडतो. एकच प्रत असेल तर प्रतीक्षायादी उघडा आणि तिच्या शेजारी त्याच चवीचं दुसरं पुस्तक ठेवा.

आता चिठ्ठी. प्रत्येक पुस्तकात हातानं लिहिलेली दोन-तीन ओळींची चिठ्ठी घाला. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवू नका, तो वाचकाला दिसतोच आहे. "अप्रतिम", "वाचायलाच हवं" असले शब्दही टाळा. हे पुस्तक कुणाला आवडेल, कोणत्या वेळी वाचावं आणि कुठे धीर धरावा, हे सांगा. "पहिली तीस पानं संथ आहेत, नदी आली की पुस्तक सोडवत नाही." "रोज रात्री एकच प्रकरण वाचा, सलग वाचलं तर जड होतं." "आजारपणाचं वर्णन बरंच आहे, घरात कुणी आजारी असेल तर सध्या राहू द्या." ही तिसरी चिठ्ठी लिहायला मी कचरत नाही. अशी चिठ्ठी वाचून पुस्तक बाजूला ठेवणारा माणूस पुढच्या वेळी आमच्या शब्दावर विश्वास ठेवतो. चिठ्ठ्या वाचकांकडूनही लिहून घ्या. शाळकरी मुलानं लिहिलेली चिठ्ठी पाहून दुसरं शाळकरी मूल जितक्या पटकन पुस्तक उचलतं, तितकं माझी वाचून उचलत नाही.

उन्हाळ्यात सगळा जोर मुलांवर. 2 एप्रिल हा हान्स ख्रिश्चन अँडरसनचा जन्मदिवस; 1967 पासून तो आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून पाळतात. 23 एप्रिलला युनेस्कोनं 1995 मध्ये ठरवलेला जागतिक पुस्तक दिन येतो. या दोन तारखांच्या मधले तीन आठवडे मुलांची सभासदपत्रं तपासायला वापरा. मुदत संपलेली, जुना दंड बाकी असलेली मुलं लाजून येतच नाहीत. दंड माफ करता येत असेल तर करून टाका. सुट्टीपुरती पुस्तकांची मर्यादा वाढवा आणि परतीची तारीख सुट्टीनंतरची द्या, म्हणजे गावाला जाणारं मूल पुस्तकं सोबत नेईल.

हे मी आग्रहानं सांगते, कारण सुट्टीतलं वाचन मुलाला खूप देऊन जातं. समाजशास्त्रज्ञ बार्बरा हाइन्स यांनी अमेरिकेतल्या अटलांटा शहरातल्या शाळकरी मुलांचा अभ्यास 1978 मध्ये प्रसिद्ध केला. सुट्टीत पुस्तकं वाचणारी मुलं शिकण्यात पुढे सरकत होती, असं त्यात दिसलं. मात्र पुस्तकांच्या संख्येची शर्यत लावू नका. मुलं मग पातळ पुस्तकं वेचतात आणि सावकाश वाचणारं मूल आठवड्याभरात गळतं. त्याऐवजी वाचलेल्या वेळेचे चौकोन रंगवायला द्या. चित्रकथा धरा, आजीनं वाचून दाखवलेलं धरा, तेच पुस्तक पुन्हा वाचलं तरी धरा. गोष्ट वाचून दाखवताना मध्ये थांबून "आता काय होईल?" असं विचारा आणि उत्तराला पुरेसा वेळ द्या. बक्षीस द्यायचंच तर पुस्तक द्या, तेही मुलानं निवडलेलं.

पावसाळ्यात मोठे कार्यक्रम टाळलेले बरे. दर आठवड्याला ठरल्या वेळी आठ-दहा जणांचं वाचनमंडळ चालवा. कुणी आलं नाही तरी दिवस बदलू नका. पुस्तकासोबत प्लास्टिकची पिशवी द्या. हवेतली सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीचा धोका वाढतो, म्हणून कपाटं बाहेरच्या भिंतीपासून थोडी पुढे ओढा. भिजलेलं पुस्तक उन्हात टाकू नका. पानांमध्ये टिपकागद घालून पंख्याखाली ठेवा. 8 सप्टेंबरच्या साक्षरता दिनासाठी नवसाक्षर प्रौढांची पुस्तकं दर्शनी भागात आणा, पण बालविभागात नको. मोठ्या माणसाला तिथे जायला संकोच वाटतो.

हिवाळ्यात बाहेर पडा. 13-14 डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव साध्या डोळ्यांनी दिसतो, दुर्बीण लागत नाही. मोकळ्या, काळोख्या मैदानात सतरंज्या घाला आणि 520 च्या कपाटातली खगोलाची पुस्तकं पेटीत भरून न्या. विजेरीवर लाल कागद लावा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. देवघेवीची वही तिथेच उघडा. आभाळ भरून आलं तर तीच पुस्तकं घेऊन आत बसा. फेब्रुवारीत जगभर चार दिवस पक्षी मोजतात. 1998 मध्ये सुरू झालेल्या या मोजणीत पंधरा मिनिटं पाहून नोंद करणाऱ्या कुणालाही भाग घेता येतो. तेव्हा पक्ष्यांचं 598 टेबलावर येतं. 21 फेब्रुवारीला, मातृभाषा दिनी, प्रत्येकाला घरच्या भाषेतलं एक पान वाचायला सांगा. अर्थ नंतर सांगू दे, आधी नुसतं ऐका.

कार्यक्रमानंतर किती माणसं आली याच्या शेजारी किती पुस्तकं गेली हेही लिहा. आठवडाभर पडून राहिलेल्या पुस्तकाची चिठ्ठी बदला, त्याची जागाही बदला. तरीही हललं नाही तर ते ओळखीच्या वाचकाच्या हातात स्वतः द्या, आणि तो परत आला की त्याला काय वाटलं ते आवर्जून विचारा. महिन्याभरानं टेबल रिकामं करा, पुस्तकं आपापल्या क्रमांकावर लावा आणि चिठ्ठ्या एका पाकिटात घालून वर ऋतू आणि वर्ष लिहून ठेवा.