प्रायमरवरच्या खुणा वाचताना या चुका टाळा

घरी काडतुसं पुन्हा भरणाऱ्यांत, झाडलेल्या पुंगळीचा प्रायमर (बुडातली, दारू पेटवणारी छोटी टोपी) सपाट दिसला की ‘दाब वाढला’ असा निकाल देऊन मोकळे होणारे पुष्कळ असतात. मला जास्त भीती वाटते ती उलट्या तर्काची: प्रायमरच्या कडा गोल आहेत, मग दारू अजून थोडी वाढवायला काय हरकत? .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसासाठी सामी या अमेरिकी संस्थेने ठरवलेली कमाल दाबमर्यादा २१,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे, ९ मिमी ल्यूगरची ३५,०००. .४५ मध्ये मर्यादा ओलांडली तरी प्रायमर अगदी निरोगी दिसू शकतो. त्यामुळे लोड, म्हणजे दारूचं माप, ठरवायचा तो छापील मॅन्युअल आणि क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर). प्रायमर फार तर साक्षीदार.

शिवाय हा साक्षीदार आधी पिस्तुलाबद्दल बोलतो, मग लोडबद्दल. प्रायमरवर आदळणाऱ्या फायरिंग पिनच्या ठशातून एका बाजूला ओढली गेलेली शेपटीसारखी रेघ पाहून बरेच जण दचकतात. ब्राउनिंग पद्धतीच्या पिस्तुलात बॅरलचं मागचं टोक खाली झुकतं. तेव्हा फायरिंग पिन अजून पुढेच असेल तर ती प्रायमरवर घासते. ग्लॉकमध्ये पिनचं भोक चौकोनी असल्याने ठशाभोवती आयताकृती उंचवटाही उमटतो. ठशाभोवती कडं उठणं, म्हणजे क्रेटर, याचं तसंच. भोक सैल असेल किंवा त्याची कड झिजलेली असेल, तर साध्या दाबालाही धातू आत सरकतो.

तपासायचं कसं? त्याच पिस्तुलातून तेवढ्याच वजनाच्या गोळीची कारखान्यातली काडतुसं झाडा आणि दोन्ही पुंगळ्या भिंगाखाली शेजारी ठेवा. खूण दोन्हींवर सारखीच असेल तर ती पिस्तुलाची सही. फक्त तुमच्या काडतुसांवर असेल तर थांबा. प्रायमरचा ब्रँड बदललाय का, गोळी केसमध्ये (पुंगळीत) आत ढकलली गेलीय का, काडतुसाची एकूण लांबी कमी भरतेय का, ते पाहा. गोळी जराशी आत गेली तरी ९ मिमीसारख्या छोट्या केसमध्ये दाब झपाट्याने चढतो.

बाहेर आलेला प्रायमर पाहून दारू कमी करणं ही हमखास होणारी चूक. बहुतेकदा कारण नेमकं उलटं असतं. स्फोटाने प्रायमर आधी मागे सरकतो, मग केस मागे येऊन त्याला परत खोबणीत बसवते. दाब फारच कमी असला तर केस चेंबरच्या भिंतीला चिकटून राहते आणि प्रायमर बाहेरच राहतो. हेडस्पेस, म्हणजे केसच्या बुडामागची मोकळी जागा, जास्त असला तर हाच प्रायमर बाहेर असताना फुगतो, मग चेपला जातो आणि साध्या लोडलाही सपाट दिसतो. रिव्हॉल्व्हरवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

ठसा उथळ, आणि दुसऱ्या प्रहाराला बार उडतो? स्प्रिंग बदलण्याआधी प्रायमर पूर्ण बसलाय का ते बोटाने चाचपा. तो बुडाच्या पातळीच्या किंचित आतच हवा. वर राहिला असेल तर पिनचा पहिला प्रहार त्याला बसवण्यातच खर्च होतो. मात्र काडतूस उडालं नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबल्याशिवाय काही उघडू नका.

भोक पडलेल्या प्रायमरवर चर्चा नको. गरम वायू पिनचं टोक आणि ब्रीच फेस (काडतुसाचं बूड टेकतं ती सपाट बाजू) खातो. त्या लॉटची काडतुसं बाजूला काढा, पिनचं टोक तपासा. प्रायमरभोवती काजळीचं वर्तुळ असेल आणि नवा प्रायमर विनासायास आत जात असेल, तर खोबण सैल झालीय. ती केस भंगारात.