सुपरचार्जरचा पट्टा घसरत होता, तो असा थांबवला

हिंगणघाटजवळच्या आमच्या गॅरेजात एका स्पोर्ट्स कारसाठी सुपरचार्जर किट बनवतोय. सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप. ४००० आरपीएमपर्यंत (इंजिनचे मिनिटाला फेरे) बूस्ट, म्हणजे हवेचा वाढीव दाब, मस्त यायचा, त्यावर गेलं की काटा खाली. साबणपाणी लावून पाहिलं, गळती कुठेच नव्हती. मग ब्रॅकेटवर रबराची काळी भुकटी दिसली अन् पट्टा काचेसारखा चकचकीत. घसरत होता! नुसता ताण वाढवला तर सुपरचार्जरचं बेअरिंग जातं. म्हणून सुपरचार्जरच्या लहान पुलीच्या अगदी शेजारी आयडलर (नुसती मोकळी फिरणारी पुली) बसवला, पट्ट्याचा वेढा वाढला. जिनिंगच्या पुल्या बनवणाऱ्या लेथवाल्या काकांनी जाड पोलादाचं ब्रॅकेट करून तिन्ही पुल्या एका रेषेत आणल्या. असा हात शहरातही सहज मिळत नाही. आता बूस्ट टिकतो. पुढचं काम इंटरकूलरचं, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचं. आपल्याकडच्या ४५ अंशांत दाबलेली हवा फार तापते, इंजिन नॉक करतं, म्हणजे इंधन अवेळी पेटून ठोके बसतात.